मासा असेल तरच शंख

गुड मॉर्निंग म्हटल्याशिवाय टँटी यूलाला समोरचा माणूस दिसत नसे. डोळे अधू होते असं नाही. सत्तरी उलटली तरी दूरच्या पाण्यावरची सावली ढगाची की मासळीची, हे ती बसल्या जागी सांगायची. पण आधी नमस्कार न करता कामाचं बोलायला लागलेला माणूस तिच्या लेखी तिथे नसेच. एकदा एक मंत्री मासळीच्या नव्या शेडचं उद्घाटन करायला आला आणि गाडीतून उतरताच विचारता झाला, "ताजा बोनिटो कुणाकडे मिळेल?" टँटी त्याच्या पुढ्यातच बोनिटो साफ करत होती. तिने त्याच्या आरपार समुद्राकडे पाहिलं. त्याने पुन्हा विचारलं. शेवटी त्याचा ड्रायव्हर कानाशी लागला, "साहेब, आधी गुड आफ्टरनून म्हणा, नाहीतर इथेच संध्याकाळ होईल." मंत्र्याने म्हटलं. टँटी लगेच हसली. "गुड आफ्टरनून, बाळा. काय हवंय तुला?"

आमच्या टोबॅगो बेटावर टँटी म्हणजे मावशी, काकू, आत्या सगळं एकात. कजो बे या आमच्या खाडीकाठच्या गावात पोरासोरांपासून पाद्र्यापर्यंत सगळे तिला टँटीच म्हणत. परका असेल तर मिस क्वाशी. नुसतं 'यूला' म्हणणारी माणसं दोनच, तिची आई आणि तिचा नवरा क्लेमेंट, आणि ती दोघंही चर्चमागच्या मातीत होती. मुलगे दोन, एक त्रिनिदादला, एक ब्रुकलिनला. "आई, इकडे ये, आरामात राहा," असं दोघंही फोनवर म्हणायचे. "आणि मासे कोण बघणार?" असं ती म्हणायची. विषय तिथेच संपायचा.

मासे बघणं हेच तिचं काम, तिच्या आईचं आणि आजीचंही. बेच्या उत्तरेला जमिनीचं एक टोक समुद्रात घुसलंय. त्या टोकावर एक सपाट खडक, आणि खडकावर रानबदामाची सावली. तिथून सगळी बे ताटासारखी पुढ्यात दिसते. टँटी पहाटे कोको पिऊन तिथे जाऊन बसायची, मांडीवर शंख. पेलिकन पक्षी एकाच जागी धडाधड पाण्यात पडायला लागले आणि त्या जागचं पाणी काळवंडलं, की शंख तोंडाला लागायचा. मग गाव हातातलं टाकून खाली धावायचं. तिचा चुलतभाऊ एग्बर्ट, रापणीचा तांडेल, होडीतून थव्याला वळसा घालत रापणीचं लांबलचक जाळं सोडायचा, दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचा, आणि मग अंगात रग असेल त्या प्रत्येकाने ओढायचं. मासळी वर आली की वाटप टँटीचं. ती एकच म्हणायची, "हात दाखव." तळव्यावर दोराचा लाल वळ दिसला की वाटा. मग तो शाळामास्तर असो, नाहीतर सकाळपासून रम पिऊन झुलणारा असो. कोरडा हात, कोरडी टोपली.

ही रीत टँटीच्या आजीने पाडली, मा सेफाने. तेव्हा नारळाचा नि कोकोचा सगळा मळा गोऱ्या मालकाचा. रापण वर आली की मळ्याच्या मोठ्या घरातून कारकून टोपली घेऊन हजर व्हायचा आणि म्हणायचा, "घराचा वाटा." मोठ्या घरातल्या कुणी दोराला कधी बोट लावलं नव्हतं, पण सगळ्यात मोठे मासे आधी त्यांचे. एके दिवशी मा सेफा त्या कारकुनाला म्हणाली, "हात दाखवा." आठवड्याच्या आत मळ्याने तिचं खोपटं काढून घेतलं. ती पोरांना घेऊन त्याच बदामाखाली, त्याच खडकावर राहिली, अख्खा पावसाळा. लोकांनी रात्री नीरफणस भाजून पोचवले. घराचा वाटा मात्र बंद झाला तो झालाच.

दुसरी रीत शंखाची. मासा असेल तरच शंख. लग्नाला नाही, मयताला नाही, आपल्या पोरांनी क्रिकेट जिंकलं तरी नाही. क्लेमेंटला पुरायच्या दिवशी त्याचे सोबती म्हणाले, "टँटी, एकदा वाजव की. जन्मभर रापण ओढली त्याने." डोळे पुसत टँटी म्हणाली, "आणि लोक किनाऱ्यावर धावतील, तर तिथे काय क्लेमेंट पोहत असणार आहे?" खोटा शंख एकदा जरी वाजला, तरी पुढच्या वेळी निम्मं गाव चुलीपाशीच बसेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. निम्म्या गावाने रापण ओढली जात नाही.

मळा मोडला, मालक गेले, त्यांचे वारस स्कॉटलंडमध्ये कुठेसे होते. त्यांनी ते टोक विकलं हे गावाला कुंपण पडल्यावर कळलं. विकत घेणारे मिस्टर लॅन्सडाउन, लंडनच्या कुठल्याशा बँकेतून निवृत्त. माणूस वाईट नव्हता, हीच खरी पंचाईत. वाईट माणसाशी सरळ भांडता येतं. साहेब शर्टावर पोपट आणि ओठांवर हसू घेऊन हिंडायचे, पोरांना टॉफ्या वाटायचे आणि प्रत्येकाला सांगायचे, "तुम्ही लोक किती सुखी आहात, तुम्हाला माहीतच नाही." माहीत करून द्यायला ते आले होते. त्यांनी टोकावर पाहुण्यांसाठी बंगला बांधला, त्याला नाव दिलं सेरेनिटी, आणि पत्रकात छापलं, 'सेरेनिटी बेचा खासगी निवांतपणा'. मळ्यातून पळालेला कजो नावाचा गुलाम इथल्या कपारीत लपून राहिला होता, म्हणून ही कजो बे. एवढं जुनं नाव साहेबांनी एका गुळगुळीत कागदावर पुसून टाकलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, आणि वर बिळाला रंग देणारा.

मग पाहुण्यांची तक्रार आली की पहाटे कुणीतरी भोंगा वाजवतं. आठवड्याभरात गेटला कुलूप लागलं. खडकाभोवती साहेबांनी लाकडी डेक बांधला, त्यावर पांढऱ्या उशा टाकल्या. वरच्या आळीतून किनाऱ्यावर उतरणारी जुनी पायवाट त्यांच्या बागेत गेली. गावाने शाळेत सभा बोलावली. साहेब आले, सगळ्यांआधी बोलले. किनारा सर्वांचा आहे, हे त्यांना मान्य होतं; टोक मात्र त्यांचं. पण त्यांनी तोड काढली होती. रापण दर गुरुवारी अकरा वाजता ओढावी, म्हणजे पाहुण्यांना बघताही येईल.

"मासळीला कोण कळवणार?" मागून एग्बर्ट म्हणाला. "का तुम्हीच चिठ्ठी पाठवताय?"

गाव हसलं. साहेबही हसले. कुलूप तसंच राहिलं.

पावसाळा सरला, नाताळ जवळ आला, पण टँटीला खडकावर पाय ठेवता आला नव्हता. खालच्या वाळूवरून दिसणार काय? लाटा आणि उजेड. एग्बर्टने अंदाजाने रापण टाकून पाहिली. एकदा शेवाळ आलं, एकदा मोटारीचं टायर. लोक यायचे कमी झाले. शेवटी नेडच्या रमच्या दुकानासमोर बाकावर बसून एग्बर्टने जाहीर केलं, "महिनाअखेर रापण विकतो. पलीकडच्या गावचे लोक मागतायत. मासा बघणारं माणूस नसेल, तर ती रापण नाही, मोठी मच्छरदाणी आहे."

 घरी येऊन टँटीने शंख खोबरेल तेलाने पुसला आणि उशाशी ठेवला. रापण गेली की कजो बेचं काय उरणार, हे तिला दिसत होतं. पाहुण्यांच्या चादरी धुणाऱ्या बाया आणि गेट उघडणारे पुरुष.

आणि नेमके दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब तिच्या दारात आले. मागे केस्टर होता, टँटीच्या बहिणीचा मुलगा, बंगल्यावर राखण करणारा. टँटी परसात तव्यावर नारळ घातलेली जाड भाकरी भाजत होती.

"यूला! बरं झालं भेटलीस," साहेब म्हणाले.

टँटीने भाकरी उलटली.

"मी काय म्हणतो, यूला..."

टँटीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. केस्टरने टोपी काढली. "गुड मॉर्निंग, टँटी."

"गुड मॉर्निंग, केस्टर. एकटाच आलास?"

साहेबांची समजूत होती की ही बाई जरा बहिरी आहे. ते मोठ्याने बोलू लागले. दर शुक्रवारी सूर्य मावळताना पाहुणे डेकवर जमतात. टँटीने पारंपरिक पोशाख करून यायचं, लेसचा पांढरा झगा, डोक्याला चौकड्यांचा रुमाल, आणि शंख फुंकायचा. "फार जोरात नको. गोड. जरा वातावरण तयार होतं. पोशाख आम्ही देऊ, आणि तुझे पैसेही."

तो पारंपरिक पोशाख टँटीने जन्मात एकदा घातला होता, शाळेच्या कार्यक्रमात, सातव्या वर्षी. एरवी छापील सुती झगा आणि रबरी बूट. आपल्या आजीच्या खडकावर हा मला मजुरीने बसवतोय, नाचऱ्या माकडासारखं, या विचाराने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याच वेळी तिला हेही कळलं की गेट उघडतंय.

"केस्टर," ती म्हणाली, "त्यांना विचार, बसायचं कुठे?"

"अगं, खडकावरच!" साहेब ओरडले. "फोटो काय सुंदर येतील!"

"आणि सांग, शंख गोड वाजत नसतो. शंख वाजतो."

केस्टरने एवढंच सांगितलं, "टँटी येईल म्हणते."

बातमी टँटीच्या आधी नेडच्या दुकानात पोचली. ती मीठ आणायला गेली तेव्हा बाकावर तीच चर्चा चालली होती. मग एग्बर्ट म्हणाला, "लेस कितपत रुंद आहे, टँटी? आम्हीपण येतो बघायला. चिल्लर फेकायची असते का, की ताटात ठेवायची?"

"गुड आफ्टरनून, एग्बर्ट," टँटी म्हणाली.

त्याला ते म्हणावंच लागलं. "गुड आफ्टरनून, टँटी. पण सांगतो तुला, त्या दारुड्यांसाठी एकदा शंख वाजला ना, तर पुन्हा तुझ्या शंखाला या गावातलं कुत्रंसुद्धा उठणार नाही. मा सेफा थडग्यात उठून बसेल."

"बसू दे. पाठ दुखत असेल पडून पडून." तिने मीठ उचललं. "शुक्रवारी रापण होडीत भरून ठेव."

"कशाला? त्यांच्या फोटोसाठी?"

"मी काय म्हटलं ते ऐकलंस ना. आणि शुक्रवारी कानही उघडे ठेव."

एग्बर्ट थुंकला आणि तोंड फिरवलं. त्याचे शब्द तिला फार लागले. घरापर्यंत ती ताठ चालली, पण दार लावल्यावर बराच वेळ मिठाची पुडी हातात धरून बसली. तो खोटं बोलला नव्हता. तिचा बेत साधा होता, खडकावर बसायचं आणि मासळीची वाट बघायची. मासळी आलीच नाही, तर साहेबांचं सोंग तेवढं उरणार होतं.

पहिल्या शुक्रवारी ती गेली. लेस मानेला टोचत होती. गोरे पाहुणे ग्लास घेऊन उभे होते, एका बाईने न विचारता तिच्या गालाला गाल लावून फोटो काढला. टँटीने कुणाकडेच पाहिलं नाही. तिची नजर पाण्यावर. सूर्य टेकला, साहेबांनी खूण केली. टँटी हलली नाही. साहेब जवळ आले. "यूला, आता."

"केस्टर, सांग त्यांना, मासा नाही."

"मासा कशाला पाहिजे?"

"मासा असेल तरच शंख."

साहेबांनी पाहुण्यांकडे वळून हात पसरले. "बघा, हे लोक असे. वेळ यांची, घड्याळ आपलं!" पाहुणे खळखळून हसले. टँटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण शंख मांडीवरून उठला नाही. नंतर साहेबांनी तिला बाजूला घेऊन बजावलं. पुढच्या शुक्रवारी त्यांच्या पत्नीचा साठावा वाढदिवस, इंग्लंडहून माणसं येणार. त्या दिवशी शंख वाजला पाहिजे, नाहीतर पुन्हा गेटच्या आत यायचं नाही.

त्या संध्याकाळी खाली नेडच्या बाकावर माणसं कान देऊन बसली होती, टवाळी करायला तयार. सूर्य बुडाला तरी आवाज आला नाही. कुणीतरी म्हणालं, "वाजवला नाही तिने." एग्बर्टने ग्लास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या अंगणात रापण पसरून जाळीची फाटलेली घरं विणायला बसला. टँटी रस्त्यावरून गेली. त्याने मान वर न करताच म्हटलं, "गुड मॉर्निंग, टँटी."

पुढचा आठवडा पेलिकन टोकापलीकडे घिरट्या घालत होते, पण बेच्या आत येत नव्हते. शुक्रवारी टँटी खडकावर बसली तेव्हा डेक माणसांनी गच्च भरला होता. मिसेस लॅन्सडाउन, बारीकशी, अबोल बाई, निळ्या रेशमी झग्यात मधोमध उभी होती. आपलाच वाढदिवस दुसऱ्या कुणाचा असावा, असा तिचा चेहरा. येताना मात्र ती केस्टरकडून ऐकून ऐकून शिकलेलं हळूच म्हणून गेली होती, "गुड ईव्हनिंग, मिस क्वाशी." त्या घरातून आलेला तो पहिला नमस्कार.

सूर्य खाली आला. साहेबांनी चमचा ग्लासवर वाजवून सगळ्यांना गप्प केलं. फोन वर झाले. "आता, यूला."

टँटी पाण्याकडे बघत होती. पेलिकन टोकाला वळसा घालत होते, पण पाणी अजून हिरवंच होतं.

"यूला."

"मासा नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच बारीक वाटला. आजचा दिवस गेला की गेट बंद, गेट बंद की रापण गेली, हे तिला कळत होतं. एक फुंकर मारायची, टाळ्या घ्यायच्या, पुढच्या शुक्रवारी परत यायचं, इतकं सोपं होतं. तिने ओठ घट्ट मिटले.

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी पुढे होऊन तिच्या मांडीवरचा शंख उचलला, "दाखवतो मी कसं असतं," म्हणाले, आणि गाल फुगवून फुंकले. शंखातून वाईट जागी सुटलेल्या वाऱ्यासारखा आवाज आला. इंग्लंडहून आलेली माणसं पोट धरधरून हसली. साहेबांचे कान लाल झाले. "केस्टर, हिला बाहेर काढ."

केस्टर जागचा हलला नाही. "साहेब, ती माझी टँटी आहे."

"मी सांगतोय!"

आणि तेवढ्यात पहिला पेलिकन पडला. मग दुसरा. मग मूठभर दगड भिरकावल्यासारखे एकदम, बेच्या मधोमध. त्यांच्याखालचं पाणी काळं होत किनाऱ्याकडे सरकत होतं. टँटी उठली, साहेबांच्या हातातून आपला शंख घेतला, त्यांची थुंकी लेसच्या बाहीने पुसली आणि फुंकला.

तो आवाज गोड नव्हता. डेकवरच्या एका बाईचा ग्लास पडला. टँटीने श्वास घेऊन पुन्हा फुंकला, पुन्हा, जणू पावसाळ्यापासून छातीत कोंडून ठेवलेला सगळा वारा बाहेर काढत होती. खाली गावात क्षणभर काहीच हललं नाही. मग दारं उघडली. कुणीच एकमेकांना विचारलं नाही की हा खरा की पाहुण्यांसाठीचा. मासा नसता तर वाजला नसता, एवढं त्यांना गेल्या शुक्रवारी कळलं होतं. होडीचं इंजिन सुरू झालं. रापण भरलेलीच होती.

वरच्या आळीला लांबच्या वाटेने जायला सवड नव्हती. केस्टरने गेट सताड उघडलं. माणसं जुन्या पायवाटेने, साहेबांच्या जास्वंदीतून, पांढऱ्या उशांमधून, "गुड ईव्हनिंग, गुड ईव्हनिंग," म्हणत प्रत्येक पाहुण्याला नमस्कार करत खाली धावली. पाहुण्यांना वाटलं, हाच कार्यक्रम. तेही बूट काढून मागोमाग उतरले.

एग्बर्टने वळसा घातला. दोर किनाऱ्याला आले. टँटी लेसचा झगा गुडघ्यापर्यंत खोचून वाळूत उभी राहून ओरडत होती, "डावीकडचे, झोपलात का? नेड, पोट आत घे आणि ओढ!" पाहुण्यांपैकी काहींनी फोटो काढले, काहींनी दोर धरला. मिसेस लॅन्सडाउन नेडच्या मागे होती, रेशीम मांड्यांपर्यंत भिजलेलं, टाचा वाळूत रुतवून. साहेब वर डेकवर राहिले.

रापण वर आली तेव्हा वाळूवर चांदी उसळत होती. जॅक मासे, बोनिटो, कितीतरी दिवसांनी. एग्बर्ट पाण्यात उभा राहून रडत होता, आणि खारं पाणी डोळ्यात गेलं म्हणत होता. टँटीने वाटप सुरू केलं. हात दाखव, हा घे. हात दाखव, हा घे. एका लाल चेहऱ्याच्या इंग्लिश गृहस्थाने सोललेले तळवे पुढे केले आणि दोन मासे छातीशी धरून पोरासारखा निघाला. मिसेस लॅन्सडाउनचे हात पाहून टँटी म्हणाली, "पहिल्यांदा एवढं ओढायचं नसतं, बाई. आज रात्री खोबरेल लावा." आणि तिला चांगला मोठा बोनिटो दिला.

तेव्हा साहेब आले. हातात स्वयंपाकघरातली टोपली, आणि हसू पुन्हा जागेवर. "छान झालं हं, यूला! पाहुणे खूश आहेत. चल, एक मोठासा बघून दे, घरासाठी."

 म्हाताऱ्या माणसांनी ते शब्द आपल्या आज्यांच्या तोंडून ऐकले होते. टँटीने हातातला मासा खाली ठेवला. आजवर तिने कुठल्या परक्याला आधी नमस्कार केला नव्हता, आज केला.

"गुड ईव्हनिंग, मिस्टर लॅन्सडाउन. हात दाखवा."

"काय?"

"हात."

साहेबांनी थट्टा समजून तळवे पुढे केले. स्वच्छ, कोरडे, लिंबाचा वास येणारे. टँटीने ते सावकाश निरखले, सगळ्यांना दिसतील असे.

"कोरडे आहेत," ती म्हणाली. "घराचा वाटा माझ्या आजीने बंद केलाय. पुढच्या वेळी शंख ऐकलात की धावत या. म्हाताऱ्यांना दोराच्या शेवटी जागा असते."

कुणी हसलं नाही. लोक हसले असते तर साहेबांना बरं वाटलं असतं. "मी तुला पैसे देतो, यूला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तू माझ्या जागेत बसतेस."

टँटीने डोक्याचा रुमाल सोडला, नीट घडी घातली आणि त्यांच्या रिकाम्या टोपलीत ठेवला. "हा तुमचा रुमाल. झगा धुऊन पाठवते. मासळीचा वास जायला जरा वेळ लागेल."

"उद्यापासून गेट तुला बंद."

"गेट तुमचंच आहे. करा बंद."

पहाटे ती कोको पिऊन निघाली. सुती झगा, रबरी बूट, काखेत शंख. गेटला दोन कुलपं होती. केस्टर बाहेरच्या बाजूला उभा होता, राखणदाराची टोपी नसलेला. त्याच्यासोबत एग्बर्ट, नेड, वरच्या आळीच्या बाया. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

"गुड मॉर्निंग, टँटी," सगळे म्हणाले.

"गुड मॉर्निंग, मंडळी. कुलूप कुणी फोडायचं नाही. आपण चोर नाही."

"कुलपाला हातसुद्धा लावत नाही," एग्बर्ट म्हणाला. त्याने आणि केस्टरने दोन्ही बाजूंनी ते दुहेरी दाराचं गेट धरलं, बिजागऱ्यांतून उचललं आणि कुंपणाला नीट टेकवून ठेवलं, दोन्ही कुलपांसकट. कुठे ओरखडा नाही. टँटी आत गेली, उशा बाजूला सारल्या, आणि खडकावर बसली. बाया तिच्या मागे बदामाखाली बसल्या.

उजाडता उजाडता वरची खिडकी उघडली. झोपेच्या गाऊनमधले साहेब बाहेर वाकले. "यूला! ही खासगी जागा आहे! ऐकू येतंय का तुला? यूला!"

बराच वेळ ते बोलत होते, मोठमोठ्याने. त्यात गुड मॉर्निंग नव्हतं. टँटीची नजर पाण्यावर होती, मांडीवर शंख होता, आणि तिच्या लेखी त्या खिडकीत कुणीच नव्हतं.